पाहुण्या कर्नलला आपण पाहुणे आहोत हे कळतं का? (केव्हीएम, रोज मागे पडणारं घड्याळ)

बेदाणा_बॉक्स | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. कुपवाडजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. गेटपास, रॅक नंबर, भाड्याचा हिशेब, सगळं माझ्याकडे.

गेल्या दिवाळीत सर्व्हर बदलला. नव्या मशीनवर डेबियन लिनक्स, त्यावर केव्हीएम (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवायची लिनक्समधली सोय) आणि आत दोन व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. एका लिनक्समध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि बॉक्सचा साठा, दुसऱ्या विंडोजमध्ये अकाउंट्स. लिनक्सचा व्हीएम माझ्या आधीच्या माणसानं दुसऱ्याच एका व्हर्च्युअलायझेशनच्या प्रोग्रामवर बांधला होता. मी त्याची डिस्क फाइल बदलून इकडं आणली. चालू झाला म्हणून हात जोडले आणि कामाला लागलो.

आता दोन दुखणी आहेत. पहिलं, लिनक्स व्हीएमचं घड्याळ सकाळी अकरा-बारा मिनिटं मागे असतं, ते मी हातानं जुळवतो. परवा वॉचमनच्या वहीत गाडीची वेळ ७.२२ आणि गेटपासवर ७.१०. कागद जुळेनात म्हणून तासगावचा एक ड्रायव्हर भरल्या गाडीसह तासभर ताटकळला. दुसरं, स्टॉकचा रिपोर्ट जुन्या मशीनवर ४० सेकंदांत यायचा, तो या दुप्पट ताकदीच्या मशीनवर साडेतीन मिनिटं घेतो.

उपाय तर हवाच आहे, पण मला मुळातलं समजून घ्यायचंय. व्हीएममधल्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, आपण खऱ्या मशीनवर नाही हे कळतं का? कळत असेल तर तो खालच्या हायपरवायझरशी, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या थराशी, बोलतो कसा? आणि त्याला कळणं चांगलं की न कळणं?

भडंग | सोमवार, रात्री ९.१८

नेटवरून वेळ जुळवणारं एनटीपी लाव आणि झोप भावा. घड्याळ मागं पडतंय तर दुसरं काय करणार?

बेदाणा_बॉक्स | सोमवार, रात्री ९.२५

व्हीएमला इंटरनेट नाही दादा. होस्टला, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनला, आहे. साठ्याचा डेटा असलेली मशीन बाहेर जोडायची नाही हा मालकांचा नियम, आणि मला तो पटतो.

जुना_मास्तर | सोमवार, रात्री १०.४०

प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो. मिरजेत बरीच वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मूळ कल्पना अशी की पाहुण्याला, म्हणजे व्हीएममधल्या कर्नलला, काही कळूच नये. इंटरप्ट (उपकरणांचे मधेच येणारे इशारे) बंद करणं, पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता) बदलणं ही कामं कर्नल स्वतःच्या अधिकारात करतो. ते अधिकार काढून घ्यायचे आणि त्याला साध्या प्रोग्रामसारखं चालवायचं. अधिकाराची सूचना (इन्स्ट्रक्शन) चालवायला गेला की प्रोसेसर त्याला अडवतो आणि ताबा हायपरवायझरकडे जातो. हायपरवायझर त्या पाहुण्यापुरतं ते काम झाल्यासारखं करून देतो आणि त्याला पुन्हा मार्गी लावतो. आयबीएमच्या मेनफ्रेमवर हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस चालत होतं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी यासाठीची अट नेमकी मांडली: मशीनची अवस्था बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक सूचना अडवली गेली पाहिजे.

आपल्या घरातले इंटेल-एएमडीचे प्रोसेसर या अटीत बसत नव्हते. पॉपएफ नावाची सूचना घ्या. कर्नल तिच्याद्वारे इंटरप्ट बंद करू शकतो. हीच सूचना अधिकार नसताना चालवली तर प्रोसेसर अडवत नाही, तक्रारही करत नाही. इंटरप्टचा बिट तेवढा जसाच्या तसा ठेवून पुढे जातो. म्हणजे तुम्ही वॉचमनला फाटक लावायला सांगितलं, तो मान डोलावून गेला आणि फाटक उघडंच राहिलं. कर्नल समजतो इंटरप्ट बंद आहेत, आणि ते चालूच असतात. २००० मध्ये पेंटियमची कसून तपासणी झाली तेव्हा अशा १७ सूचना निघाल्या.

यावर व्हीएमवेअरनं १९९९ मध्ये बाजारात आणलेला उपाय म्हणजे पाहुण्या कर्नलचा कोड चालता चालता तपासायचा आणि घातक सूचना बदलून टाकायच्या. मग २००५ मध्ये इंटेलनं आणि २००६ मध्ये एएमडीनं प्रोसेसरमध्येच सोय केली. पाहुण्याला त्याचे सगळे अधिकार वेगळ्या कप्प्यात मिळाले आणि ठरावीक प्रसंगी ताबा खाली जाऊ लागला. त्यालाच व्हीएम एक्झिट म्हणतात.

तेव्हा माझं उत्तर: कळायची गरज नाही. खऱ्या मशीनसाठी लिहिलेला कर्नल एक अक्षर न बदलता चालावा, यातच या विद्येचं सौंदर्य आहे.

पेवातली_हळद | सोमवार, रात्री ११.१५

सर, इतिहास एकदम बरोबर. पण शेवटाला माझा विरोध आहे.

पाहुण्याला फसवता येतं हे खरं, पण प्रत्येक फसवणुकीची किंमत एक व्हीएम एक्झिट असते. प्रोसेसरनं पाहुण्याची सगळी अवस्था बाजूला ठेवायची, होस्टची आणायची, काय हवं होतं ते शोधायचं, नाटक वठवायचं आणि परत जायचं. हे सेकंदाला लाखभर वेळा झालं की मशीन काम करतच नाही, नुसत्या येरझाऱ्या घालते.

२००३ मध्ये केंब्रिजच्या मंडळींनी झेन हा हायपरवायझर मांडला तो नेमका याच्या उलट विचारानं. पाहुण्याला सांगूनच टाका की तू पाहुणा आहेस. मग तो अधिकाराची सूचना चालवून अडकत बसण्याऐवजी सरळ मागणी करतो: हे पेज टेबल बदलून दे. या मागणीला हायपरकॉल म्हणतात. साधा प्रोग्राम कर्नलला सिस्टिम कॉल करतो, तसा पाहुणा कर्नल हायपरवायझरला हायपरकॉल करतो. केव्हीएममध्ये इंटेलवर त्यासाठी व्हीएमकॉल ही सूचना आहे, एएमडीवर व्हीएमएमकॉल. मागणीचा नंबर प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये (छोट्या कप्प्यात), बाकी तपशील पुढच्या चारांत.

पाहुणचार आपल्यालाही माहीत आहे. घरात आलेल्यानं स्वतःला मालक समजून कपाटं उघडत बसण्यापेक्षा "वहिनी, चहा टाका" म्हटलेलं दोघांनाही सोयीचं.

कुपवाड_शिफ्ट३ | सोमवार, रात्री ११.४०

मग जो पाहुणा मागतच नाही, त्याची मेमरी कोण सांभाळतं? पेज टेबल तर तो स्वतःच लिहितो ना?

पेवातली_हळद | मंगळवार, सकाळी ७.०५

@कुपवाड_शिफ्ट३ मी हरिपूरची आहे, म्हणून पेवाचंच उदाहरण देते. आमच्याकडं हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. समजा व्यापाऱ्याच्या वहीत "माझं पेव नंबर ३" एवढंच आहे. पेव सांभाळणाऱ्याच्या वहीत या व्यापाऱ्याचं ३ नंबर म्हणजे शिवारातला नेमका कुठला खड्डा ते आहे. व्यापारी आपल्या वहीत हवे तितके बदल करू दे, दुसऱ्या वहीला धक्का लागत नाही.

पाहुण्याचं पेज टेबल ही पहिली वही. ती ज्याला खरा पत्ता म्हणते तोही खरा नसतो. आताच्या प्रोसेसरमधल्या सोयीत (इंटेलची ईपीटी, एएमडीची एनपीटी) दुसरी वही हायपरवायझरची असते, आणि प्रोसेसर दोन्ही वह्या स्वतःच पडताळतो. त्यामुळे पेज टेबलासाठी झेनच्या वेळचे हायपरकॉल आता लागत नाहीत. खर्च मात्र आहे. दोन्हीकडं चार-चार पायऱ्या असतील तर एक पत्ता शोधायला जास्तीत जास्त २४ वेळा मेमरी वाचावी लागते. म्हणून शोधलेले पत्ते लक्षात ठेवणारा कॅश आणि मोठी पानं यांना व्हीएममध्ये एवढं महत्त्व.

जुना_मास्तर | मंगळवार, सकाळी ७.५०

वहीचं उदाहरण फार आवडलं, वर्गात वापरायला हवं होतं. पण बाई, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात! हार्डवेअर सुधारलं आणि हायपरकॉलची गरज गेली.

पेवातली_हळद | मंगळवार, सकाळी ८.०२

पेज टेबलापुरती गेली सर. घड्याळ, डिस्क आणि नेटवर्कला तशीच आहे. आणि या धाग्यातलं दुखणं तिथलंच आहे असा माझा वास आहे.

विश्रामबागवाली | मंगळवार, दुपारी १.३०

मूळ प्रश्नाकडे येते. कर्नलला कळतं कसं?

सीपीयूआयडी नावाची सूचना आहे, प्रोसेसर तिच्यातून स्वतःची ओळख सांगतो. व्हीएममध्ये हे उत्तर हायपरवायझर देतो. त्यात "खाली हायपरवायझर आहे" असं सांगणारा एक बिट राखून ठेवलाय, खऱ्या प्रोसेसरवर तो शून्य असतो. तो बिट दिसला की कर्नल पुढचा प्रश्न विचारतो, ४ वर सात शून्यं अशा षोडशमान क्रमांकाचा. उत्तरात बारा अक्षरांची सही येते. केव्हीएम असेल तर के-व्ही-एम तीनदा आणि मग रिकामी अक्षरं. झेन, व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रत्येकाची सही वेगळी. त्यापुढच्या क्रमांकावर सोयींची यादी मिळते: आमच्याकडं हे घड्याळ आहे, हा हायपरकॉल आहे. पाहुणा त्यातलं पाहिजे ते घेतो.

@बेदाणा_बॉक्स, लिनक्स व्हीएममध्ये चार गोष्टी बघून इथं टाक. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) हायपरवायझर डिटेक्टेडची ओळ. सिस फाइल सिस्टिममधली करंट क्लॉकसोर्स ही फाइल, कर्नल वेळ कुठून घेतो ते तिच्यात असतं. एलएसपीसीआय या कमांडमध्ये दिसणारं नेटवर्क कार्ड आणि डिस्क कंट्रोलर. आणि प्रॉकमधली कर्नलची कमांड लाइन, म्हणजे बूट होताना त्याला दिलेले पर्याय. शिवाय पोस्टग्रेससोबत वेळ वाचायला किती वेळ जातो ते मोजणारं पीजी टेस्ट टायमिंग नावाचं हत्यार येतं, तेही चालव.

कृष्णाकाठचा | मंगळवार, दुपारी ३.१०

जरा विषयांतर, पण नात्यातलंच आहे. मी एका कंपनीचा स्वस्तातला भाड्याचा व्हीएम घेतलाय. टॉप ही कमांड लावली की एसटी नावाचा रकाना दिसतो आणि त्यात संध्याकाळी ३०-३५ आकडा येतो. हे काय असतं?

भडंग | मंगळवार, दुपारी ३.१४

सांगली-तासगाव एसटी. संध्याकाळी गर्दी असतेच.

विश्रामबागवाली | मंगळवार, दुपारी ३.४०

:) भडंगदादा, तुमचं फार चुकलं नाही. एसटी म्हणजे स्टील टाइम. तुमच्या व्हीएमचा सीपीयू पळायला तयार होता, पण होस्टनं तेवढा वेळ दुसऱ्याला दिला. गर्दीत चढायलाच मिळालं नाही, तशातली गत.

आणि हेही दोघांतल्या बोलण्याचंच उदाहरण आहे. पाहुण्याला हा वेळ स्वतःहून मोजता येत नाही, कारण तेव्हा तो चालतच नसतो. म्हणून बूट होताना तो आपल्या मेमरीतल्या एका जागेचा पत्ता हायपरवायझरला देऊन ठेवतो. हायपरवायझर दरवेळी तिथं लिहून जातो: मधला एवढा वेळ तुला मिळाला नाही. ३०-३५ सतत असेल तर त्या होस्टवर व्हीएम कोंबलेत. जागा बदला.

बेदाणा_बॉक्स | मंगळवार, रात्री ८.५०

ताई, हे घ्या.

डीमेसेज म्हणतो हायपरवायझर डिटेक्टेड, केव्हीएम. म्हणजे कळलंय त्याला!
क्लॉकसोर्स: एसीपीआय पीएम.
नेटवर्क कार्ड: इंटेल ई१०००. डिस्क: आयडीई.
कमांड लाइनमध्ये "नो-केव्हीएमक्लॉक" आणि "क्लॉकसोर्स बरोबर एसीपीआय पीएम" असं लिहिलंय. मी कधी लिहिलं नाही, आधीच्या माणसाचं असणार.
पीजी टेस्ट टायमिंग: एकदा वेळ वाचायला सरासरी ४,२०० नॅनोसेकंद.

पेवातली_हळद | मंगळवार, रात्री ९.०५

सापडलं! वास बरोबर होता.

विश्रामबागवाली | मंगळवार, रात्री ९.५५

कळलंय, पण त्याला कानात बोळे घालून बसवलंय. नीट सांगते, कारण सगळी गंमत इथेच आहे.

एसीपीआय पीएम हा जुन्या मदरबोर्डवरचा टायमर. सेकंदाला ३५,७९,५४५ टिकटिक आणि मोजायला २४ बिट, म्हणजे साधारण ४.७ सेकंदांत काटा फिरून पुन्हा शून्यावर. तो वाचायचा तर एका आय-ओ पोर्टवर विचारणा करावी लागते. व्हीएममध्ये हा टायमर नसतोच, क्यूएमयू (होस्टवर व्हीएमची उपकरणं वठवणारा प्रोग्राम) त्याचं सोंग घेतो. त्यामुळे "किती वाजले?" असं प्रत्येक वेळी विचारताना व्हीएम एक्झिट होते, ताबा होस्टच्या कर्नलकडे, तिथून वर क्यूएमयूकडे, हिशेब, आणि पुन्हा उलटा प्रवास. तुमचे ४,२०० नॅनोसेकंद त्यात जातात. पोस्टग्रेसमध्ये ट्रॅक आय-ओ टायमिंग हा पर्याय चालू आहे का बघा. असेल तर डिस्कच्या प्रत्येक वाचनाला दोनदा वेळ विचारली जाते.

आता केव्हीएमक्लॉक. पाहुणा एका खास रजिस्टरमध्ये आपल्या मेमरीतल्या एका जागेचा पत्ता लिहितो. या रजिस्टरचा क्रमांक षोडशमानात ४बी५६४डी०१ आहे. त्यातले ४बी, ५६, ४डी म्हणजे आस्कीत (अक्षरांच्या ठरलेल्या क्रमांकांत) के, व्ही, एम! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आनंद झाला होता. होस्ट त्या जागेत लिहून ठेवतो: प्रोसेसरचा टिकटिक मोजणारा आकडा, म्हणजे टीएससी, अमुक होता तेव्हा वेळ तमुक होती, आणि एका टिकेचे इतके नॅनोसेकंद. पुढचा गुणाकार पाहुणा स्वतःच करतो. कुणाला विचारणं नाही, एक्झिट नाही. होस्ट लिहीत असतानाच पाहुण्यानं वाचलं तर? त्यासाठी तिथं एक आवृत्ती क्रमांक आहे. लिहायला बसताना होस्ट तो विषम करतो, झाल्यावर सम. पाहुण्याला विषम दिसला, किंवा वाचायच्या आधीचा आणि नंतरचा वेगळा निघाला, तर तो पुन्हा वाचतो. कुलूप नाही, वाट बघणं नाही.

ग्रबमधून, म्हणजे बूट करून देणाऱ्या प्रोग्राममधून, ते दोन्ही शब्द काढून रीबूट करा.

तंबोरा | बुधवार, सकाळी ६.४०

घड्याळाचा विषय निघाला म्हणून २०१९ चा पूर आठवला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती तेव्हाची गोष्ट. आमचं ऑफिस गावभागात तळमजल्यावर. पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी चालू व्हीएमची अवस्था जशीच्या तशी सेव्ह केली, डिस्क पिशवीत घातली आणि विट्याला मामांकडं गेलो. चार दिवसांनी दुसऱ्या मशीनवर तो व्हीएम उघडला तर त्याच्या लेखी पुराची ती सकाळच चालू होती. माझी अर्धवट टाइप केलेली ओळ तशीच स्क्रीनवर, कर्सर लुकलुकतोय. बाहेर सांगली पाण्यात आणि आत त्याला पत्ताच नाही. तो क्षण मी विसरू शकत नाही.

मग कामं बिघडायला लागली. वेळ जुनी म्हणून सर्टिफिकेट, लॉगिन, सगळंच रुसलं.

जुना_मास्तर | बुधवार, सकाळी ८.१५

तंबोरा, वाचून गलबललं. आमच्याही घरात पाणी होतं तेव्हा.

तुमच्या अनुभवातून तांत्रिक मुद्दा निघतो, तो माझ्या बाजूचा नाही हे आधीच मान्य करतो. एकच सेव्ह केलेली अवस्था दोनदा उघडली तर दोन्ही व्हीएमचा रँडम आकड्यांचा साठा सारखाच असतो, म्हणजे दोघेही गुप्त किल्ली सारखीच काढू शकतात. पाहुण्याला हे स्वतःहून समजणं अशक्य. म्हणून व्हीएमजेनआयडी ही सोय निघाली. व्हीएम जुन्या स्नॅपशॉटवरून (जतन केलेल्या अवस्थेवरून) उघडला की हायपरवायझर एक ओळखक्रमांक बदलतो आणि कर्नल रँडमचा साठा ढवळून घेतो. लिनक्समध्ये ती २०२२ साली ५.१८ या आवृत्तीत आली. इथं पाहुण्याला सांगण्यावाचून गत्यंतर नाही.

आटपाडीचं_डाळिंब | बुधवार, सकाळी १०.२०

सगळे सांगा-सांगा म्हणताय, पण सुरक्षेचं काय? हायपरवायझरशी बोलायची जेवढी दारं जास्त, तेवढे चोर जास्त. मी तर जुनं आयडीई आणि ई१००० च ठेवतो. वर्षानुवर्षं तपासलेलं आहे.

पेवातली_हळद | बुधवार, सकाळी ११.००

दारं कमी असावीत हे मान्य. जुनं म्हणून भरवशाचं हे नाही. २०१५ मध्ये क्यूएमयूत व्हेनम नावाचं भगदाड सापडलं, ते कुठं होतं माहितीये? फ्लॉपी कंट्रोलरच्या सोंगात. तो कोड २००४ पासून तिथं पडून होता. ज्या फ्लॉपीला कुणी हात लावत नव्हतं, तिच्यातून पाहुण्याला होस्टमध्ये शिरायची वाट होती.

खऱ्या यंत्राचं सोंग हुबेहूब वठवायला त्या यंत्राच्या सगळ्या खोडी लिहाव्या लागतात, आणि चुका तिथंच लपतात. व्हर्टिओ ही डिस्क-नेटवर्क जोडायची पद्धत, ते मुळात व्हीएमसाठीच आखलेलं आहे, त्याला कुठल्या जुन्या यंत्राची खोडी सांभाळावी लागत नाही.

आटपाडीचं_डाळिंब | बुधवार, सकाळी ११.३०

फ्लॉपीचं माहीत नव्हतं. आजच माझ्या व्हीएममधली नको ती उपकरणं काढतो. पण व्हर्टिओत असं वेगळं काय आहे?

पेवातली_हळद | बुधवार, दुपारी २.१०

आयडीईनं डिस्कला एक हुकूम द्यायचा म्हणजे सेक्टर किती, पत्त्याचे तुकडे, कुठली डिस्क, हुकूम काय, असं एकेक रजिस्टर लिहायचं. लिहिलं की एक्झिट, लिहिलं की एक्झिट. मार्केट यार्डात हमालानं प्रत्येक पोत्यामागं गल्ल्यावर जाऊन "शेठ, हे कुठं ठेवू?" विचारावं तसं.

व्हर्टिओत दोघांच्या मधे सामायिक मेमरीत एक फळी असते, तिचं नाव व्हर्टक्यू. तिच्यावर तीन गोष्टी. वर्णनांचा तक्ता: माल मेमरीत कुठं आहे, किती आहे, वाचायचाय की लिहायचाय. दुसरी, "हे करायचंय" ची रांग, तिच्यात पाहुणा चिठ्ठ्या टोचतो. तिसरी, "हे झालं" ची रांग, तिच्यात होस्ट टोचतो. पाहुण्यानं वीस चिठ्ठ्या लावल्या आणि एकदा घंटा वाजवली की झालं, वीस कामांना एक एक्झिट. होस्ट आधीपासूनच चिठ्ठ्या उचलत असेल तर तो सांगून ठेवतो की घंटा वाजवू नको. मग तीही वाचते.

ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी हे २००७-०८ च्या सुमारास मांडलं. तेव्हा झेनचे ड्रायव्हर वेगळे, केव्हीएमचे वेगळे, प्रत्येकाची फळी निराळी. सगळ्यांना एकच फळी मिळावी हा त्यांचा आग्रह होता. पुढे व्हर्टिओ १.० ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं प्रसिद्ध केलं. एलएसपीसीआयमध्ये १एएफ४ हा उत्पादक क्रमांक दिसला की समजा तो व्हर्टिओ आहे.

बेदाणा_बॉक्स | बुधवार, रात्री ९.३०

अहवाल देतो. ते दोन शब्द काढले, रीबूट केलं. क्लॉकसोर्स आता केव्हीएमक्लॉक. पीजी टेस्ट टायमिंग ४,२०० वरून ३८ नॅनोसेकंद!! ट्रॅक आय-ओ टायमिंग खरंच चालू होतं. रिपोर्ट साडेतीन मिनिटांवरून एक मिनिट दहा सेकंदांवर.

त्या जोशात डिस्क आयडीईवरून व्हर्टिओ केली आणि व्हीएम उठेना. काळ्या पडद्यावर रूट डिस्क सापडत नाही म्हणतो आणि थांबतो. परत आयडीईवर आणलाय. काय चुकलं?

कुपवाड_शिफ्ट३ | बुधवार, रात्री ९.४८

हे मी भोगलंय. तुझ्या इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) व्हर्टिओचे ड्रायव्हर नसणार, जुन्या मशीनपुरतेच भरले असतील. आयडीईवर असतानाच मॉड्यूलच्या यादीत व्हर्टिओ पीसीआय आणि व्हर्टिओ ब्लॉक ही दोन नावं टाक आणि इनिटरामएफएस पुन्हा बनव. एफएसटॅब (कुठली डिस्क कुठं जोडायची ती यादी) आणि ग्रब पण बघ. डिस्कचं नाव एसडीए वरून व्हीडीए होतं, तिथं यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) पाहिजे. मग बंद करून डिस्क बदल.

बेदाणा_बॉक्स | बुधवार, रात्री १०.५५

उठला! एफएसटॅबमध्ये एसडीए१ च लिहिलं होतं. रिपोर्ट ३१ सेकंद. शिफ्ट३ दादा, गेटवर या, बेदाण्याचा एक बॉक्स तुमचा.

भडंग | बुधवार, रात्री १०.५७

मी पण एनटीपी सांगितलं होतं हां.

बेदाणा_बॉक्स | गुरुवार, सकाळी ७.३०

घड्याळ आजही अकरा मिनिटं मागे. केव्हीएमक्लॉक असूनही. आता काय राहिलं?

विश्रामबागवाली | गुरुवार, सकाळी ९.००

दिवसभरात हळूहळू सरकतं की एकदम? आणि रोज पडतं का?

बेदाणा_बॉक्स | गुरुवार, सकाळी ९.२०

दिवसभर सेकंदही हलत नाही. सकाळीच एकदम अकरा-बारा. आणि... आत्ता तारखा बघितल्या, सोमवारी सकाळी कधीच मागे नसतं.

जुना_मास्तर | गुरुवार, सकाळी ९.२६

रविवारी रात्री काय होत नाही?

बेदाणा_बॉक्स | गुरुवार, सकाळी ९.३१

बॅकअप! रोज रात्री दोन वाजता माझी स्क्रिप्ट व्हीएम थांबवते, डिस्क फाइलची कॉपी करते आणि पुन्हा चालू करते. रविवारी सुट्टी. लॉग बघितला, कॉपीला ११ मिनिटं ४० सेकंद लागतात.

विश्रामबागवाली | गुरुवार, सकाळी १०.१५

हे झालं. व्हीएम थांबवला की क्यूएमयू त्याचं घड्याळही थांबवतो आणि चालू केल्यावर तिथूनच पुढे नेतो. ती मुद्दाम केलेली सोय आहे, नाहीतर जागा झाल्यावर पाहुण्याला सगळे टायमर एकदम फुटल्यासारखे दिसतील. पण भिंतीवरच्या घड्याळाला तेवढी मिनिटं कमी पडतात.

पहिला उपाय: थांबवूच नका. व्हीएममध्ये क्यूएमयू गेस्ट एजंट बसवा. बॅकअपच्या वेळी होस्ट एजंटला सांगतो आणि पाहुणा कर्नल फाइल सिस्टिमवरचं लिहिणं क्षणभर गोठवतो. त्या अवधीत बाहेरचा स्नॅपशॉट (पुढचं लिहिणं वेगळ्या फाइलमध्ये) घ्यायचा, लगेच सोडायचं, मग निवांत कॉपी करायची आणि शेवटी ब्लॉककमिटनं स्नॅपशॉट मुळात मिळवून टाकायचा. व्हर्श या व्हीएम सांभाळायच्या कमांडच्या स्नॅपशॉटला क्वायेसचा पर्याय आहे तो हाच.

दुसराही करा. तुमच्या व्हीएमला इंटरनेट नाही, पण होस्टला आहे ना? व्हीएममध्ये पीटीपी केव्हीएम हे मॉड्यूल चढवा. पीटीपी० नावाचं उपकरण दिसेल. क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला रेफक्लॉक, म्हणजे संदर्भाचं घड्याळ, म्हणून ते द्या. आतून पाहुणा हायपरकॉल करतो आणि होस्ट एकाच क्षणाची दोन मोजमापं देतो, स्वतःची वेळ आणि टीएससी. नेटवर्कचा संबंधच नाही, मालकांचा नियमही मोडत नाही. होस्टचं क्लॉकसोर्स टीएससी असायला हवं एवढीच अट. क्रोनीचा मेकस्टेप हा पर्यायही बदला, सुरुवातीच्या तीन मोजणींनंतर तो एकदम उडी मारत नाही, हळूहळू ओढत बसतो.

जुना_मास्तर | गुरुवार, सकाळी १०.५०

घड्याळाच्या बाबतीत मी हरलो, आनंदानं लिहितो. न सांगता पाहुण्याला ती अकरा मिनिटं कुठून कळणार? पण न बदललेला कर्नल चालला पाहिजे हा हट्ट सोडत नाही. हा व्हीएम दिवाळीपासून आयडीईवर चालत राहिला तो त्याच्याच जिवावर.

पेवातली_हळद | गुरुवार, सकाळी ११.०५

यावर माझी सही, सर.

बेदाणा_बॉक्स | शनिवार, सकाळी ७.४०

दोन्ही केलं. आज पहिली गाडी ७.०८ ला लागली. वॉचमनच्या वहीत ७.०८, गेटपासवर ७.०८. वॉचमनकाका माझ्याकडं बघून हसले.

आता विंडोजचा व्हीएम राहिला. तोही आयडीईवर आहे. त्याला यातलं काही कळतं का?

विश्रामबागवाली | शनिवार, सकाळी १०.३०

छान वाटलं वाचून!

विंडोज केव्हीएमची भाषा बोलत नाही, हायपर-व्हीची बोलते. म्हणून केव्हीएम तिच्यासाठी हायपर-व्हीची सही दाखवू शकतो आणि स्वतःची पुढच्या क्रमांकावर सरकवतो. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हायपरव्ही या भागातले पर्याय आणि हायपरव्ही क्लॉक चालू आहेत का बघा. डिस्कसाठी व्हर्टिओचे विंडोज ड्रायव्हर वेगळे बसवावे लागतात. थेट बदललीत तर निळा पडदा येईल. आधी एक जीबीची रिकामी व्हर्टिओ डिस्क दुसरी म्हणून जोडा, विंडोजमध्ये ड्रायव्हर बसवा, ती डिस्क दिसतेय याची खात्री करा, मग बंद करून मुख्य डिस्क व्हर्टिओवर न्या.

आणि आधी बॅकअप.

बेदाणा_बॉक्स | शनिवार, सकाळी १०.४२

उद्या रविवार, गाड्या नसतात. उद्याच करतो.